पूजेतली रायफल

आश्विन शुद्ध सप्तमी, शके १८५६

आज डुकराला गोळी लागली, पण डुक्कर पडले नाही.

अंबाजीचे खाचर डोंगराला लागून आहे. त्याचे हळवे भात गावात सर्वांच्या आधी पिकते, म्हणून रानडुकरेही आधी त्याच्याकडेच उतरतात. त्याच्याजवळ आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. तिचा बार कधी उडतो, कधी नुसता फुसकारतो. म्हणून तो मला बोलवायला आला. माझे वडील दादा असते तर बोलवावे लागले नसते. भात पोटरीला आले की ते आपण होऊन जाऊन बसत. रायफल त्यांचीच. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला आणि मी हायस्कुलातली नोकरी सोडून घरची शेती पाहायला आलो. पण परवाना नावावर झाला म्हणजे हात तयार होतो असे नाही. मुलांना इतिहास शिकवताना मी पुष्कळ लढाया जिंकल्या, त्यातली एकही बांधावर बसून नव्हे.

दिवेलागणीच्या आधी डुक्कर आले. मोठा नर. कडेच्या लोंब्या ओरबाडत आडवा उभा राहिला. मी चाप ओढला. तो मागच्या पायांवर बसला, उठला आणि डोंगराकडे गेला.

"लागली, मास्तर," अंबाजी म्हणाला. "पन मागं लागली."

घाई का केली, याचा घरी आल्यावर विचार केला. पहिले उत्तर असे सुचले की उजेड जात होता. ते खोटे नाही, पण पुरेही नाही. खरे असे की चष्म्याच्या काचा दमट हवेने धुरकटल्या होत्या आणि त्या पुसायला हात हलवला तर डुक्कर बुजेल असे वाटले. म्हणजे नीट दिसत नसताना मी गोळी झाडली.

दादांचा एक नियम होता आणि गावही तो मानते: जखमी जनावर ज्याने जखमी केले त्याच्या डोक्यावर. ते संपवल्याशिवाय त्याने दुसऱ्या कामाला लागायचे नाही. जखमी नर कुणावरही धावून येतो.

जेवताना बायकोने, केसरने, विचारले, "म्हणजे उद्या परत जायचं?"

"जायला हवं."

"अंबाजी आहे ना. रान त्याच्या पायाखालचं आहे. तुम्हाला तर संध्याकाळी अंगणातली मांजर दिसत नाही."

या बोलण्याचा मला राग आला. हात धुताना लक्षात आले की घरी येताना वाटेवर हाच विचार माझ्या मनात तिच्याही आधी येऊन गेला होता. राग त्याचाच असावा.


अष्टमी

सकाळी अंबाजीबरोबर रक्ताच्या मागावर गेलो. थेंब खाचराच्या वरच्या करवंदीच्या जाळीत शिरले आहेत. अंबाजीचा कुत्रा जाळीच्या तोंडापर्यंत गेला, तिथे अंगावरचे केस उभे करून थांबला आणि शेपूट घालून परत आला. आतून घुरघुर ऐकू आली. जनावर जिवंत आहे आणि रागात आहे.

तेवढ्यात पावसाची मोठी सर आली. हस्त संपला तरी मागे दोन तडाखे ठेवून जातोच. समोरचे हातभरही दिसेना. चष्मा तर निरुपयोगीच झाला. अंबाजी म्हणाला, "मी मागल्या अंगानं शिरतो, तुम्ही हितं उभं रहा." मी नको म्हणालो. जाळीत वाकून जावे लागते. ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर थांबत नाही. शिवाय पावसात दारू भिजलेली.

"मास्तर, भात हुबा हाय," तो म्हणाला. "आमची घरची जनी म्हंते कापाया कोन येनार? त्यो वर बसलाय तवर एकबी बाय खाचरात पाय ठेवनार न्हाय. आनि लोंब्या गळाया लागल्यात."

ते खरे आहे. हळव्या भाताला उशीर चालत नाही.

मी म्हणालो, "उद्या मी येतो. रायफल घेऊन. तोवर तू एकटा जाळीत जायचं नाही. शब्द दे."

त्याने दिला. घरी परतताना आठवले की उद्या खंडेनवमी. आमच्याकडे नवमीला हत्यारे पूजेला लागतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत पूजेतल्या वस्तूला हात लावत नाहीत. दादांच्या वेळी तलवार, रायफल, टाक-दौत, सगळे एका पाटावर असे. मग मी अंबाजीला उद्याचा शब्द का दिला? विसरून दिला, की विसरणे सोयीचे होते म्हणून विसरलो? हे मला ठरवता आले नाही.

संध्याकाळी रायफल साफ केली. भिजली होती, तेव्हा ते करणे भागच होते. बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा मुठीचा दांडा, काढून बाजूला ठेवला, गजाला चिंधी बांधून नळी पुसली, तेल फिरवले. केसर येऊन बसली. ती एरवी या कामाकडे फिरकत नाही; रॉकेलच्या वासाने तिचे डोके दुखते.

"किती भाग हिला! एखादा हरवला तर?"

मी बोल्ट उचलून दाखवला. "हा एक हरवला तर रायफल म्हणजे लाठी."

"बरं. लाठीला परवाना तरी लागत नाही."

मी हसलो. तिने बोल्ट हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मागचे शेपटासारखे बाहेर आलेले टोक तिने बोटाने चाचपले. मी म्हणालो, "तिथे हात लावू नकोस. आत घड्याळात असते तशी, पण जबरदस्त कमान आहे, बोट चेंगरेल." ती कमान पुढे सुटते तेव्हाच काडतूस उडते, इतके मी तिला सांगितले. माझे ज्ञानही तेवढेच. आतून तो भाग मी कधी उघडला नाही. तिला या गोष्टीत गोडी वाटली याचे बरे वाटले.


नवमी

टाक-दौत पूजेत आहे, म्हणून पेन्सिलीने लिहितो. पेन्सिल पाटावर ठेवली नव्हती. ही पळवाट आहे हे मला कळते.

आजची पूजा केसरने मांडली. दरवर्षी मी मांडतो. पण तिने पहाटे उठून सगळे आधीच केले होते. रायफल, बोल्ट वेगळा, तलवार, पुस्तके, विळा, कोयता. प्रत्येकाला गंध, अक्षता, झेंडूचे फूल. बोल्टावरही तिने सगळीकडे कुंकू लावले होते, अगदी सांदीतही. तिचा उजवा अंगठा काळानिळा झाला आहे. वाटण वाटताना वरवंटा निसटला म्हणाली.

दुपारी अंबाजी अंगणात येऊन उभा राहिला. डुक्कर सकाळी जाळीबाहेर आले होते, बांधापर्यंत येऊन परत गेले. "लंगडतंय. पन चाल ग्येली न्हाय त्याची," तो म्हणाला.

मी सांगितले की रायफल पूजेत आहे.

"मास्तर, डुकराला काय खंडेनवमी म्हाईत हाय?"

पेन्सिलीसाठी मी पळवाट काढली. मग रायफलीसाठी नियम मोडायला मन का घेत नाही? नियमाबद्दलचा आदर आणि जाळीबद्दलची भीती यांतला फरक मला या वेळी दिसेना. दिसत नाही हेच कारण पुरेसे वाटून मी उठलो, देवाला नमस्कार केला आणि रायफल उचलली. केसर दारात होती.

बोल्ट आत घातला. तो सरकत सरकत गेला आणि शेवटी दोन बोटे राहिल्यावर अडला. मूठ खाली वळेना. काढला, पुसला, पुन्हा घातला. तिथेच अडला. साफ करताना मीच काहीतरी चुकवले असणार असे वाटले. काल काढताना तो विनासायास निघाला होता.

अंबाजी उकिडवा बसून पाहत होता. "तुमची विलायती बाय रुसली," तो म्हणाला. "कुंकू लावलंत ना तिला. लगीन न करता कुंकू लावलं की बाय रुसनारच."

नळीत मागून पाहिले तर आत, बोल्ट जिथे अडकतो त्या खाचेत, एक अक्षत. तेलात चिकटून बसलेला कुंकवाचा तांदूळ. मला एवढा आनंद झाला की मी तो अंबाजीला दाखवला. "हे बघ. एवढासा दाणा!" काडीने काढला. बोल्ट घातला. पुन्हा दोन बोटांवर अडला.

मग बाबाजी हवालदारांना बोलावले. ते महायुद्धात बसऱ्याला होते आणि आता पेन्शनीत आहेत. केसर म्हणाली, "त्यांना कशाला? गावभर सांगत सुटतील." तरी बोलावले. त्यांनी रायफल गुडघ्यावर घेतली, एका डोळ्याने नळी पाहिली आणि निकाल दिला: "गंज."

"काल साफ केली, हवालदार."

"साफ क्येली म्हनून काय झालं? बसऱ्याला आमच्या रायफली वाळूनं भरायच्या. मी काय करायचो? बुटाची टाच घालायची मुठीवर. ठप्प. बंद." ते लाकडी मोगरी मागू लागले.

मी दिली नाही. बोल्ट काय अडवते आहे हे कळल्याशिवाय ठोकणे मला पटेना. ठोकून तो आत गेलाच आणि काही तुटलेले असले तर बार नळीऐवजी माझ्या तोंडावर यायचा.

"मास्तर, रायफल म्हंजे शाळंतलं पोर न्हवं, समजावल्यावर ऐकाया," हवालदार म्हणाले.

शाळेतली पोरे तरी कुठे ऐकत होती.

केसर आतून म्हणाली, "आज ठोकाठोकी नको. पूजेतली आहे. उद्या बघा." या वेळी ती आणि मी एकाच मताचे होतो, निरनिराळ्या कारणांनी.

अंबाजी उठला. "मंग उद्या," म्हणाला. मी त्याच्याकडून पुन्हा शब्द घेतला: जाळीत शिरायचे नाही. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिले नाही. तो गेल्यावर मला मोकळे वाटले. रायफल बंद पडल्याचे दुःख जेवढे व्हायला हवे तेवढे मला झालेले नाही. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

केसरने आज तांदळाची खीर केली. मला वाढताना म्हणाली, "बिघडली तर बिघडली. आपल्याला काय शिकारीचा धंदा करायचाय?" तिचा चेहरा दोन दिवसांनी जरा उजळ दिसला. सणाचा दिवस आहे.


एकादशी

काल लिहिता आले नाही. आज क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

दसऱ्याच्या सकाळी उजाडताच मी बोल्ट घेऊन ओटीवर बसलो. ठरवले की आज आत काय अडते ते पाहायचे नाही, बोल्टच पाहायचा. मागच्या टोकाशी एक लहान खाच आहे. तिची कड घासून चकचकीत झाली होती. म्हणजे वर्षानुवर्षे तिथे काहीतरी टेकत आले होते, आणि आज तिथे काहीच टेकलेले नव्हते. टेकणारा भाग म्हणजे ते मागचे शेपूट. ते खाचेतून सुटून, फिरून, पुढे खोल जाऊन बसले होते. परवा ते बाहेर आलेले होते हे मला आठवले. शेपूट फिरलेले असल्यामुळे रायफलीत ज्या चरातून ते जायला हवे त्या चराच्या कडेवर आदळत होते. म्हणजे रायफल बिघडलीच नव्हती, गंजही नव्हता, आणि अक्षतेचाही दोष नव्हता.

शेपूट उंबऱ्याच्या कडेला अडकवून मी बोल्ट दाबला आणि फिरवायला लागलो. कमान इतकी जोरदार की दोनदा निसटली आणि माझे बोट सोलले. एवढा घट्ट भाग पुसता पुसता कसा फिरला याचे नवल वाटते. तेलामुळे असावे. शेपटाच्या खालच्या बाजूला कुंकवाचा ठसा होता. केसरने पूजेत किती मनापासून सगळीकडे कुंकू लावले होते ते त्यावरून कळते.

तिसऱ्या वेळी टक असा आवाज होऊन शेपूट खाचेत बसले. बोल्ट रायफलीत घातला. लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि मूठ खाली आली.

केसर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बसलं?" म्हणाली. आवाज तिच्यापर्यंत गेला असावा.

मी काडतुसे खिशात टाकून निघालो. ती म्हणाली, "ओवाळल्याशिवाय जाऊ नका. दसरा आहे." मी थांबलो. तिने तबक घेतले तर सुपारी सापडेना. सुपारी सापडली तर वात भिजलेली निघाली. दुसरी वात केली. केसरचा हात एरवी असा हळू नसतो. मी घाई कर म्हणालो नाही. हेही लिहून ठेवतो: मी घाई कर म्हणालो नाही.

तिने माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि तेवढ्यात डोंगराकडून ठासणीचा बार ऐकू आला.

आम्ही दोघेही तसेच उभे राहिलो. मग एक माणूस ओरडला. केसरच्या हातातले तबक खाली पडले. मी पळालो.

अंबाजी बांधाच्या खाली आडवा होता. उजव्या मांडीचे मांस उघडे पडले होते आणि बांधावरून रक्त खाचरात उतरत होते. बंदूक पलीकडे पडली होती. मुठीत भाताच्या लोंब्या होत्या. डुक्कर भातात उभे होते, पुन्हा येण्याच्या बेतात. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि मगच नेम धरला. त्या पुसण्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. गोळी खांद्यामागे लागली. डुक्कर जागच्या जागी पडले.

मी अंबाजीजवळ बसलो आणि धोतराचा सोगा फाडून मांडी बांधली. तो शुद्धीत होता.

"मास्तर, जाळीत न्हाय ग्येलो," तो म्हणाला. "तोरनाच्या लोंब्या न्ह्याया आल्तो. शब्द मोडला न्हाय."

दसऱ्याला दारावर आपल्याच शेतातल्या नव्या लोंब्या बांधायच्या असतात. जनीने मागितल्या होत्या. हे मला सुचायला हवे होते. मी त्याच्याकडून जाळीत न जाण्याचा शब्द घेतला. खाचरात न जाण्याचा घेतला नाही, कारण दसऱ्याच्या सकाळी कुणबी आपल्या खाचरात जातो हे माझ्या ध्यानातच नव्हते.

घोंगडीची डोली करून त्याला रेवदंड्याला नेले आणि तिथून बैलगाडीने अलिबागेच्या इस्पितळात. जनी गाडीबरोबर चालत होती. बस म्हटले तरी बसली नाही.


त्रयोदशी

अलिबागेहून परतलो. जनीही बरोबर परतली. अंबाजी वाचेल. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण मांडीचा स्नायू तुटला आहे. काठी घेऊन चालेल. चिखलात नांगर धरणे यापुढे होणार नाही. मी विचारले, कधीच? ते म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला गोड करून काय सांगू.

हे ऐकून अंबाजी मला म्हणाला, "मंग मास्तर, मला तुमच्या शाळंत घाला." मग त्याने भिंतीकडे तोंड केले.

गावाने दसऱ्यालाच डुक्कर वाटून घेतले होते. रीतीप्रमाणे मारणाऱ्याचा वाटा, मुंडके आणि मांडीचा एक फरा, मीठ लावून ठेवलेला, आज माझ्याकडे आला. तो घेण्याचा मला हक्क आहे की नाही यावर मी विचार करत होतो, तेवढ्यात केसरने तो उचलला आणि स्वतः जनीकडे घेऊन गेली. गड्याबरोबर पाठव म्हटले तर ऐकले नाही. परत आल्यावर म्हणाली, "जनीने घेतला. पण बसा म्हणाली नाही."

मी म्हणालो, "तिच्या मनाची काय अवस्था असेल."

गडी सांगतो, मी गेल्यापासून केसरने अन्नाला हात लावलेला नाही. मी तिला विचारले की पूजेच्या वेळी बोल्टाचे शेपूट कसे फिरले. ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "बाहेर आलेलं होतं. मी आत बसवलं."

मला तिची दया आली. देवापुढे वस्तू वाकडीतिकडी नको, या नीटनेटकेपणाने तिने केले आणि आता सगळा भार स्वतःवर घेते आहे. मी तिची नीट समजूत घातली. मी तिला बोट चेंगरेल एवढेच सांगितले होते; तो भाग फिरतो हे सांगितले नव्हते, कारण मलाच माहीत नव्हते. ज्याच्या नावावर परवाना त्यानेच रायफल ओळखायची. पूजाही मीच मांडायला हवी होती. तेव्हा दोष सर्वस्वी माझा. हे मी क्रमाने पटवून दिले. त्यावर ती अधिकच रडू लागली. बायकांचे मन हळवे असते, पण एवढे हळवे मी पाहिलेले नाही.


वद्य तृतीया

अंबाजीचे भात आज कापायला घेतले. आणखी दोन दिवस गेले असते तर निम्मे दाणे खाचरातच गळाले असते. ज्याचे त्याचे भात तयार झालेले, त्यामुळे मजूर मिळेना. मी जायचे ठरवले. मला कापणी येत नाही, पण पेंढ्या बांधून उडव्याच्या ढिगाकडे नेता येतील असे वाटले.

निघताना केसर विळा घेऊन दारात उभी. पदर खोचलेला. आमच्या घरातल्या बाईने दुसऱ्याच्या खाचरात विळा धरल्याचे कुणी ऐकलेले नाही. मी म्हणालो, "लोक काय म्हणतील याचा विचार केलास?"

"केला," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

खाचरात जनी आणि तिची चुलत जाऊ होती. जनीने केसरकडे पाहिले. मग सरकून तिने आपल्या डाव्या हाताला कापायची एक पाथ मोकळी करून दिली. केसर वाकली आणि कापायला लागली. प्रथम तिला मूठ धरता येईना. जनीची जाऊ तोंडाला पदर लावून हसली. "बाय, ते भात हाय, वेनी न्हवं. घट्ट धरा," म्हणाली. जनी हसली नाही. तिने आपल्या विळ्याने दोनदा कापून दाखवले आणि पुढे गेली.

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. केसरच्या तळहाताला फोड आले होते. ती माझ्याजवळ न बसता जनीच्या समोर बसली. अंबाजी जिथे पडला होता ती जागा समोरच होती.

जनीने विचारले, "मास्तर, त्या दिशी तुमची बंदूक कशानं बंद पडली?"

मी सांगू लागलो की साफ केल्यावर बोल्टाच्या मागच्या भागाकडे माझे लक्ष नव्हते. केसर मध्येच म्हणाली, "पडली नाही, जनी. मी पाडली."

मी लगेच दुरुस्ती केली. बंद पाडली हा शब्द इथे लागू होत नाही. पूजा मांडताना बाहेर आलेला भाग तिने आत बसवला, एवढेच. त्याचा परिणाम काय होईल याची तिला कल्पना असणे शक्य नव्हते. केसर आणखी काही बोलणार होती, पण मी तिला थांबवले. मला दोषातून सोडवण्यासाठी तिने नसता दोष ओढून घ्यावा, तोही चारचौघींत, हे मला बरे वाटेना.

जनी माझ्याकडे पाहत नव्हती. ती केसरकडे पाहत होती, तिच्या अंगठ्याकडे. तिथले काळेनिळे आता पिवळे पडले आहे. तिने हातातला भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला.

"तुमच्या जागी मी असती तर मीबी त्येच क्येलं असतं, बाय," जनी म्हणाली. तिने विळा उचलला. "पन आमची ठासनीची. तिला काय हाय आत बसवाया?"

जनी आपल्या पाथीवर गेली. मग केसरही उठली, तिच्या शेजारच्या पाथीवर वाकली आणि उन्हे उतरेपर्यंत तिने मान वर केली नाही. खाचर संपले तेव्हाच दोघी उठल्या.

ठासणीच्या बंदुकीला बोल्ट नसतो. जनीचे म्हणणे बरोबरच आहे.